पहारेकऱ्यावर पहारा: रोमन छावणीतील लाकडी पाटीपासून नियंत्रण कक्षातील पडद्यापर्यंत

१/२४
रात्रीचे दोन वाजलेले असतात. एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सुरक्षारक्षक तळघरातील पंपघरापाशी येतो, भिंतीवर चिकटवलेल्या छोट्या चकतीला हातातला मोबाइल टेकवतो आणि पुढे निघतो. त्याच क्षणी दूरच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर एक चौकट हिरवी होते. ठरल्या वेळी तो तेथे पोचला नाही, तर तीच चौकट लाल होते आणि त्याचा फोन वाजू लागतो. ही व्यवस्था अगदी अलीकडची वाटते. तिच्यामागचा प्रश्न मात्र दोन हजार वर्षांहून जुना आहे. जो सर्वांसाठी जागतो, तो खरोखर जागा आहे की नाही, हे कोणी आणि कसे पाहायचे?

२/२४
या प्रश्नाची अडचण पहाऱ्याच्या कामातच दडलेली आहे. चांभाराने काम केले की जोडा दिसतो, शेतकऱ्याने केले की पीक दिसते. पहारेकऱ्याने रात्रभर चोख काम केले, तर सकाळी काहीच दिसत नाही. काहीही न घडलेली रात्र पहारेकरी जागा असला तरी तशीच असते आणि तो झोपलेला असला तरी, बहुतेक वेळा, तशीच असते. त्यामुळे पहारा ठेवणाऱ्यासमोर इतिहासात दोनच मार्ग राहिले: चोरी झाली तर पहारेकऱ्याला जबाबदार धरणे, किंवा चोरी होवो न होवो, गस्तीचीच नोंद ठेवणे. पहाऱ्याचा इतिहास हा बराचसा पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास आहे.

३/२४
‘पहारा’ हा शब्दच वेळेच्या हिशेबातून आला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘प्रहर’. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे आठ प्रहर. एका प्रहराची राखण म्हणजे पहारा. रोमन सैन्यानेही रात्रीचे चारच भाग केले होते आणि प्रत्येक भागाला पहाऱ्याचेच नाव दिले होते. दोन्हीकडे हे साम्य योगायोगाचे असेल. पण गरज एकच होती. माणूस रात्रभर सारखाच सावध राहू शकत नाही. म्हणून रात्रीची वाटणी करावी लागते, आणि वाटणी केली की कोणत्या वाट्याला कोण जबाबदार, हे सांगता येते. हिशेबाची सुरुवात येथूनच होते.

४/२४
पहाऱ्याच्या तपासणीचे सर्वांत तपशीलवार प्राचीन वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहून ठेवले. आपल्या इतिहासग्रंथाच्या सहाव्या खंडात रोमन छावणीची रात्र तो क्रमाने सांगतो. संध्याकाळी प्रत्येक चौकीवरील पहिल्या पहाऱ्याच्या शिपायाला ट्रिब्यून या अधिकाऱ्यासमोर आणले जाई. तेथे त्याला एक लहानशी लाकडी पाटी मिळे आणि तिच्यावर त्या चौकीची खूण असे. ही पाटी घेऊन शिपाई आपल्या जागी जाई. रात्रभर तिचे काम एवढेच, की तपासणीस आल्यावर ती त्याच्या हाती द्यायची.

५/२४
तपासणीचे काम घोडदळाकडे असे. रोज चार स्वार निवडले जात आणि कोणी कोणत्या प्रहराला फिरायचे, याच्या चिठ्ठ्या ते आपापसांत टाकत. कोणत्या चौक्या कधी पाहायच्या, याचा लेखी हुकूम त्यांना ट्रिब्यूनकडून मिळे. प्रत्येक पहाऱ्याच्या आरंभी रणशिंग फुंकले जाई. मग त्या पाळीचा स्वार आपल्या काही मित्रांना सोबत घेऊन निघे. मित्र गप्पांसाठी नसत, ते साक्षीदार असत. शिपाई जागा दिसला, तर स्वार त्याच्याकडून पाटी घेई. तो झोपलेला असला किंवा जागेवर नसला, तर सोबत्यांना साक्षी ठेवून, पाटी न घेता, स्वार पुढे जाई.

६/२४
पहाटे चारही स्वार गोळा केलेल्या पाट्या ट्रिब्यूनपुढे ठेवत. जितक्या दिल्या तितक्या परत आल्या, तर कोणालाही काही विचारले जात नसे. एखादी कमी पडली, तर उरलेल्या पाट्यांवरील खुणांवरून ती कोणत्या चौकीची, हे लगेच कळे. आजच्या पडद्यावरील लाल चौकट नेमके हेच सांगते. हजारो माणसांच्या छावणीत सकाळी अधिकाऱ्याला प्रत्येकाची चौकशी करावी लागत नसे. जे आले नाही, तेवढेच पाहावे लागे. शाई, घड्याळ आणि वीज यांपैकी काहीही नसताना, लाकडाच्या तुकड्यांवर ही पद्धत उभी होती.

७/२४
या पद्धतीची खरी ताकद मात्र पुढच्या पायरीत होती. पाटी हरवलेल्या चौकीचे शिपाई आणि तपासणीस स्वार यांना समोरासमोर उभे केले जाई. शिपाई दोषी आहे, हे स्वाराने साक्षीदार आणून दाखवायचे. त्याला ते जमले नाही, तर दोष त्याच्यावर येई. दोषी ठरलेल्याला साऱ्या छावणीकडून दांडक्यांनी आणि दगडांनी मारले जाई. त्यातून बहुतेक जण वाचत नसत. तपासणीची आज्ञा वेळेवर पुढे न देणाऱ्या वरच्या माणसांनाही हीच शिक्षा होती. शिक्षा भयंकर होती. पण शिपाई, त्याला तपासणारा आणि तपासणाऱ्याला पाठवणारा, असे तिघेही त्या पाटीला बांधलेले होते.

८/२४
भारतीय परंपरेत कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराच्या रात्रीचे नियम आहेत. रात्र पडल्यावर सहा नालिका उलटल्या की तूर्य वाजायचे आणि पहाटेपूर्वी सहा नालिका उरेपर्यंत विनाकारण फिरणाऱ्याला दंड व्हायचा. एक नालिका म्हणजे २४ मिनिटे. प्रसूती, आजारपण, प्रेतयात्रा, आग अशा कारणांना सूट होती. विशेष म्हणजे दंड फिरणाऱ्यांपुरता नव्हता. ज्याला अडवायला हवे त्याला सोडणाऱ्या रक्षकाला दंड होता, आणि ज्याला अडवू नये त्याला अडवणाऱ्यालाही होता. पहारेकऱ्याचा आळस आणि पहारेकऱ्याची दांडगाई हे दोन्ही दोषच आहेत, ही जाण येथे स्पष्ट दिसते.

९/२४
मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेत उत्तर निराळे सापडते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजीच्या मुक्कामी लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांवरील नेमणुकांचे वर्णन आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत आणि कारभार तिघांनी मिळून करायचा असे. दहा माणसांत नऊ पाईक आणि दहावा त्यांचा नाईक. ज्या गडाचा घेर मोठा, तेथे पाच-सात तट-सरनोबत नेमून तट त्यांच्यात वाटून दिला जाई. म्हणजे तटाचा कोणताही भाग बेवारस राहत नसे. प्रत्येक हाताला एक नाव जोडलेले असे.

१०/२४
येथे पाटी नाही, खूण नाही; आहे ती सत्तेची विभागणी. एकट्या हवालदाराला फितूर होऊन गड देता येऊ नये, म्हणून त्याच्या शेजारी त्याच्याच तोलाचे दोघे बसवलेले. गडाचा पहारा परस्परांच्या नजरेत राहावा, अशी ही रचना होती. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाल्यावर कड्यावरून उतरलेल्या हिरकणीची कथा ही लोककथा आहे. पण दरवाजाचा नियम कोणासाठीही मोडत नाही, हे लोकांच्या मनात किती खोल रुजले होते, ते तिच्यातून कळते. आणि कडा उतरता आला, तर तो चढताही येईल, हा त्या कथेतला पहारेकऱ्यांसाठीचा धडा.

११/२४
कडा चढता येतो, हे मराठ्यांनी स्वतःच दाखवून दिले होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याच्या कड्यावरून आत शिरले. गडावर उदयभानाची शिबंदी होती, दरवाजांवर पहारे होते. पण निसर्गाने सांभाळलेली बाजू माणसाने कमी सांभाळावी, हा मोह जुना आहे. आजच्या गस्तीच्या आखणीतही हीच चूक होते. रक्षकाने स्पर्श करायच्या चकत्या जिथे जाणे सोयीचे तिथे लावल्या जातात आणि मागची भिंत मार्गातच येत नाही. पडदा मात्र सकाळपर्यंत पूर्ण हिरवा राहतो. ज्या ठिकाणी जायला सांगितलेलेच नाही, तेथे कोणी गेले नाही, हे कोणतीही नोंद सांगत नाही.

१२/२४
गावगाड्यात तर नोंदीची गरजच वाटली नव्हती. दख्खनच्या गावांत रामोशी, जागले, वेसकर यांच्याकडे राखण असे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल दिला, त्यात या राखणीची रीत आली आहे. गावात चोरी झाली की माल शोधून देणे किंवा भरून देणे ही राखणदाराची जबाबदारी. तो चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरलेला दाखवून दिला, की जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर जाई. तो रात्री किती फेऱ्या मारतो, हे कोणी विचारत नसे. मोबदल्यात त्याला वतन, बलुते आणि गावात एक ठरलेले स्थान होते.

१३/२४
निकालावर चालणारी ही पद्धत विश्वासावर आणि हक्कावर उभी होती. हक्क काढून घेतला, की ती कोसळे. पुरंदर किल्ल्याच्या राखणीशी परंपरेने जोडलेल्या रामोशी घराण्यांचे हक्क आणि उत्पन्न ब्रिटिश अमलात गेले आणि त्याच असंतोषातून उमाजी नाईक यांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांचे रामोशी समाजावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारा समाज आता स्वतःच सरकारी देखरेखीचा विषय झाला होता. राखणदाराकडे भागीदार म्हणून पाहायचे की संशयित म्हणून, हा प्रश्न तेव्हापासून पुन्हा पुन्हा उभा राहिला.

१४/२४
पुणे शहरात याची दुसरी बाजू आधीच दिसली होती. पेशवाईत रात्री तोफ झाली, की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे आणि फिरणाऱ्याला कोतवालाचे शिपाई पकडत. घाशीराम कोतवालाच्या काळात या अधिकारावर कोणाचीच नजर उरली नाही. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याच्या माणसांनी पकडून कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. संतापलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. कोणाला, का आणि किती वेळ कोंडले, हे रोज सकाळी कोणीतरी तपासले असते, तर ती रात्र कदाचित टळली असती. न तपासलेला पहारा झोपतो तरी, नाहीतर माजतो.

१५/२४
याच शतकात इंग्लंडमध्ये पहारेकऱ्याला यंत्राची जोड मिळाली. डर्बी येथील घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट (१७१३–१७८८) यांचे नाव या ‘चुगलखोर’ घड्याळांशी जोडले जाते. त्याची तबकडी फिरती असे आणि तिच्या कडेने खिळ्यांची रांग असे. ठरावीक वेळेला एकच खिळा दट्ट्याखाली येई. त्या काही मिनिटांत पहारेकऱ्याने दोरी ओढली, तर खिळा आत जाई. वेळ चुकली, तर तो तसाच बाहेर राही आणि नंतर काही करता येत नसे. सकाळी मालक बाहेर राहिलेले खिळे मोजे. रोमन पाटीचे काम आता साक्षीदाराविना होऊ लागले. कारखानदारीच्या युगाला हेच हवे होते.

१६/२४
पण भिंतीवरचे घड्याळ माणूस त्या भिंतीपाशी आला, एवढेच सांगे. मधल्या वाटेवर तो फिरला की नाही, हे सांगत नसे. दक्षिण जर्मनीतील श्वेनिंगेन गावच्या योहानेस ब्युर्क यांनी १८५५ मध्ये ही रचना उलटी केली. घड्याळ पहारेकऱ्याच्या खांद्याला लावले आणि किल्ल्या वाटेवरच्या ठिकाणी साखळीने बांधल्या. प्रत्येक किल्लीचा दाता वेगळा. ती घड्याळात फिरवली, की आतल्या कागदी पट्टीवर त्या जागेची खूण त्या वेळेसमोर उमटे. घड्याळाची पेटी उघडण्याची किल्ली मालकाकडे. आजच्या चकती आणि मोबाइलमागे हीच कल्पना आहे. फक्त कागदाच्या जागी रेडिओलहरी आल्या.

१७/२४
ही घड्याळे झपाट्याने पसरली, त्यामागे चोरीपेक्षा आगीची भीती मोठी होती. कापूस, लाकूड, तेल यांनी भरलेला कारखाना रात्री पेटला, तर विमा कंपनी बुडे. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीने विमा व्यवसायासाठी शहरांचे बारीक नकाशे काढले. त्यांत एखाद्या गिरणीच्या चित्रापाशी रात्रीचा पहारेकरी आहे का, तो दर तासाला फिरतो का, घड्याळाची किती ठिकाणे आहेत, अशा नोंदी सापडतात. आता गस्तीची नोंद मालकाच्या समाधानापुरती उरली नाही. विम्याच्या जोखमीचा अंदाज ठरवणारा तो कागद झाला आणि पहारेकऱ्याच्या फेरीला बाजारभाव आला.

१८/२४
तरीही एक उणीव होतीच: कागद सकाळी वाचला जाई. पहारेकरी रात्री एक वाजता जिन्यावरून पडला, तर ते सहाला कळे. ही उणीव तारायंत्राने भरली. १८७४ मध्ये अनेक जिल्हा-तारायंत्र कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ’ उभी राहिली. तिच्या सेवांत पहारेकऱ्यांच्या फेऱ्यांवरील देखरेख आली. पहारेकरी वाटेवरच्या पेटीत किल्ली फिरवी आणि खूण शहरातील मध्यवर्ती कक्षात उमटे. ठरलेल्या वेळी खूण आली नाही, तर कक्षातून माणूस धावत पाठवला जाई. नियंत्रण कक्षाचा जन्म येथे झाला. न आलेला संकेत हाच संकेत मानणारी पहिली खोली ती.

१९/२४
१८८० मध्ये शिकागो पोलिसांनी रस्त्यावरच्या पेट्यांची योजना सुरू केली. गस्तीवरचा शिपाई पेटी उघडून खूण पाठवी आणि ठाण्यातील कागदी फितीवर तिची नोंद होई. गरज पडली, तर तो त्याच पेटीतून कुमकही मागवी. पुढे ब्रिटनमध्ये पोलिसपेट्या आल्या. लंडनमध्ये १९३० च्या सुमारास त्या सर्वत्र दिसू लागल्या. त्यांच्या माथ्यावरचा दिवा लुकलुकला, की जवळच्या शिपायाने ठाण्याला फोन करायचा. आता तार दोन्ही बाजूंनी वाहू लागली. कक्ष शिपायावर नजर ठेवत होता आणि शिपाई एकटा नाही, हेही त्याच तारेने ठरत होते. देखरेख आणि मदत एकाच पेटीत होत्या. पुढच्या काळात त्यांची फारकत झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे.

२०/२४
यंत्राला मोजता येत नाही ते काय, हे १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात दिसले. फ्रँक विल्स या २४ वर्षांच्या पहारेकऱ्याला मध्यरात्रीनंतर एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. कामगार विसरले असतील, असे समजून त्याने ती काढली. पुढच्या फेरीत पट्टी पुन्हा लागलेली होती. त्याने पोलिसांना बोलावले, पाच जण पकडले गेले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले. दोन्ही फेऱ्या कोणत्याही पडद्यावर सारख्याच हिरव्या दिसल्या असत्या. फरक पट्टीकडे पाहणाऱ्या नजरेत होता. विल्सचा पगार आठवड्याला सुमारे ८० डॉलर होता. पुढे त्याला स्थिर नोकरी लाभली नाही आणि २००० मध्ये तो विपन्नावस्थेत वारला.

२१/२४
उलट उदाहरण बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयाचे. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेषातील दोघांनी रक्षकांना बांधून ठेवले आणि ८१ मिनिटांत फर्मीर, रेम्ब्रांट यांच्या चित्रांसह १३ कलाकृती नेल्या. चोरांनी चित्रफिती नेल्या. हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेची नोंद मात्र संगणकात राहिली. कोणत्या दालनात पावले कधी पडली, हे सारे तिच्यात होते. त्या क्षणी ते पाहणारे बाहेर कोणीच नव्हते. पोलिसांना कळवणारे एकमेव बटण पहारेकऱ्याच्या मेजापाशी होते. एका दालनातून चित्र गेले आणि तेथे नोंद होती ती फक्त रक्षकाच्या आधीच्या गस्तीची. हे कोडे आजही सुटलेले नाही. नोंद असणे आणि कोणीतरी पाहत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२२/२४
आजच्या डॅशबोर्डमध्ये हा सारा इतिहास एकावर एक रचलेला आहे. चकती म्हणजे ब्युर्कची किल्ली, वेळेची मर्यादा म्हणजे व्हाइटहर्स्टचा खिळा, लाल चौकट म्हणजे हरवलेली पाटी, धोक्याचे बटण म्हणजे शिकागोची पेटी. पळवाटाही वारशाने आल्या. क्यूआर चौकोनाचे छायाचित्र खिशात ठेवून खुर्चीवरूनच ‘फेरी’ मारता येते. म्हणून उपग्रहावरून जागा तपासली जाते, मग स्वतःचे छायाचित्र मागितले जाते. प्रत्येक पळवाटेवर नवे कुलूप येते आणि प्रत्येक कुलपासोबत रक्षकाविषयी गोळा होणारी माहिती वाढते. आता त्याची वाट, त्याचा वेग, त्याचा थांबा, सारेच साठवले जाते.

२३/२४
महाराष्ट्रात खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली सुरक्षारक्षक मंडळे आली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षा संस्थांना परवाना आणि रक्षकांना प्रशिक्षण आवश्यक ठरवले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे पाटी कोणाच्या हाती, याचे उत्तर कायद्याने बरेचसे मालकाच्या बाजूने दिले आहे. पण बारा तासांची पाळी, भरलेला पाऊस, अंधारलेला जिना यांची चौकट पडद्यावर नसते. फेरी का चुकली, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारण्याची सक्ती पडद्यावर नसते.

२४/२४
पॉलिबियसच्या छावणीतील क्रूर शिक्षा इतिहासात गेली, हे चांगलेच झाले. तिच्यासोबत दोन न्याय्य नियमही मागे पडले: आरोप करणाऱ्याने साक्ष आणली पाहिजे, आणि तपासणाऱ्याचीही तपासणी झाली पाहिजे. नोंद रक्षकाच्या बाजूनेही बोलू शकते. चोरी झाली, पण मी माझ्या जागी होतो, हे सांगायला त्याच्याजवळ दुसरा पुरावा नसतो. त्यासाठी ती नोंद त्यालाही पाहता आली पाहिजे, आणि लाल चौकटीनंतर येणाऱ्या फोनवरचा पहिला प्रश्न ‘कुठे आहात?’ याऐवजी ‘ठीक आहात ना?’ असा असला पाहिजे. तारायंत्राच्या काळात तो माणूस धावत जाई, तो निदान दोन्ही प्रश्नांची उत्तरे घेऊन परत येई.